डोळे झाकलेला माणूस आणि चारचौघे

वाचकहो, तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल तुमच्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिला असेल. त्याच्या डोळ्यांवर झापड बांधत. आपण एकाच जागी फिरतो आहोत हे त्याला कळू नये, एवढाच तिचा हेतू. आता समजा, एखाद्या शहाण्यासुरत्या माणसाने आपल्याच हाताने डोळ्यांवर तशी झापड बांधून घेतली, आणि तो एसटीच्या स्टँडवर किंवा आगगाडीच्या डब्यात येऊन बसला. मधूनच मान वळवू लागला, हवेत बोटांनी चिमटे काढू लागला, तर तुम्ही काय म्हणाल? "काय झालंय हो ह्याला?" असे शेजाऱ्याच्या कानात नक्कीच पुटपुटाल.

अशी झापड निघाली आहे. लोक ती चांगले पैसे मोजून विकत घेतात. तिला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट म्हणतात. आपण मराठीत आभासी वास्तवाचा चष्मा म्हणू. घरात बसून तो लावला तर कुणाचे काही म्हणणे नाही. चारचौघांत लावला की मात्र लोक अस्वस्थ होतात. ही अस्वस्थता कशाची, तिच्यात रास्त किती आणि नुसते नवलाईचे हसू किती, याचा आज विचार करायचा आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. जत्रेतला बायोस्कोप आठवा. पेटीला डोळा लावायचा, की आत दिल्लीचा किल्ला आणि आग्ऱ्याचा ताज. हा चष्मा म्हणजे तीच पेटी, डोक्याला बांधलेली. यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवतात. आपले दोन डोळे एकच वस्तू थोड्या वेगळ्या कोनांतून पाहतात, आणि मेंदू त्यांचा मेळ घालून खोली ताडतो. हे तत्त्व इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ सालीच मांडून दाखवले होते. आजच्या चष्म्यात भर पडली ती अशी, की डोके कोणत्या बाजूला वळले हे त्यातील सूक्ष्म यंत्रे क्षणोक्षणी मोजतात आणि त्याप्रमाणे चित्रही फिरवतात. तुम्ही मागे वळलात, की त्या आभासी जगाची मागची बाजू दिसते. त्यामुळे आपण चित्र पाहत नसून चित्रातच उभे आहोत असे वाटते. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली असे एक यंत्र दाखवले होते, पण ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. ते घालून रस्त्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आता त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आले आहे. यंत्र छतापासून सुटले आणि माणसांत आले. तिथूनच आपला प्रश्न सुरू झाला.

हा विषय माझ्या मनात आला तो एका विद्यार्थ्यामुळे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण दृष्टीने फार अधू. पहिल्या बाकावर बसूनही त्याला फळा दिसत नसे. एका संस्थेच्या मदतीने त्याला डोक्यावर बांधायचे एक यंत्र मिळाले. पुढे कॅमेरा, आत डोळ्यांसमोर पडदे. समोरची अक्षरे मोठी करून ते दाखवी. आभासी जग नव्हे, समोरचेच जग, फक्त मोठे केलेले. पंधरा दिवस पोराचा चेहरा फुललेला होता. मग एके दिवशी पाहतो तर यंत्र दप्तरात आणि स्वारी पुन्हा डोळे बारीक करून बसलेली.

"का रे, बिघडलं का?" मी विचारले.

"नाही सर. वर्गात ठीक आहे. पण स्टँडवर लावता येत नाही. मग सगळीकडेच नको वाटायला लागलं."

खोदून विचारल्यावर सांगितले. पोरे हसत, "यंत्रमानव आला" म्हणत. ते त्याने सोसले. पण एका बाईंनी भर फलाटावर त्याला दरडावले, "काय रे, पोरींचे फोटो काढतोस होय?" चार माणसे जमली. आणि मग तो जे म्हणाला ते माझ्या मनातून जात नाही. "सर, त्यांचं तरी काय चुकलं? मी त्यांच्याकडंच तोंड करून उभा होतो. गाडीची पाटी त्यांच्या डोक्यावर होती."

आता सांगा, यात दोषी कोण? मुलाला पाटी वाचायची होती, आणि तो त्याचा हक्कच होता. बाईंना तो काय पाहतो आहे हे कळत नव्हते, आणि एका कॅमेऱ्याचे तोंड आपल्याकडे आहे एवढे मात्र दिसत होते. आतून हा चष्मा करमणुकीचा आहे, की कामाचा, की डोळ्यांच्या दुखण्यावरचा, हे बाहेरच्याला समजायला मार्गच नाही. या साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. लोकांना खटकते ते वस्तूचे विचित्र रूप, असे आपण समजतो. रूपाला माणूस लवकर सरावतो. सरावत नाही ते याला, की समोरच्याचे डोळे आपल्याला दिसत नाहीत. तो आपल्याला पाहतो की नाही, आपले बोलणे ऐकतो की नाही, आपले चित्र उतरवून घेतो की नाही, यांतले काहीच कळत नाही.

रूपाला माणूस सरावतो, याची साक्ष छत्री देईल. लंडनमध्ये अठराव्या शतकात जोनास हॅनवे नावाचे गृहस्थ (१७१२–१७८६) पावसात छत्री घेऊन हिंडू लागले. पुरुषाने छत्री धरणे तिथे हास्यास्पद मानत. भाड्याच्या घोडागाडीवाल्यांनी तर त्यांची मनस्वी टर उडवली. पावसात लोक छत्र्या घेऊन चालू लागले तर गाडीत कोण बसणार? आज त्या शहरात छत्रीवाचून माणूस दिसत नाही. आपल्याकडचा अनुभव याहून कडू आहे. अमक्या जातीच्या माणसाने अमक्या वाटेने पायांत जोडा घालून जाऊ नये, डोक्यावर छत्री धरू नये, असे दंडक आपल्या देशात होते, आणि तेही 'लोकांना खपत नाही' याच नावाखाली चालत. तेव्हा 'लोकांना खपत नाही' एवढ्यावरून कुठलीही गोष्ट वाईट ठरत नाही. न खपण्याचे कारण विचारावे लागते. त्या वस्तूमुळे दुसऱ्याचे काही हिरावले जाते काय? छत्रीने कुणाचे काहीच जात नव्हते. म्हणून ते हसणे खोटे होते आणि ते दंडक तर उघड अन्यायाचे होते.

आता कानांचे उदाहरण घ्या. १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीने 'वॉकमन' बाजारात आणला. खिशात मावणारे टेप लावायचे यंत्र आणि कानांवर लहानसे श्रवणयंत्र, ज्याला आपण हेडफोन म्हणतो. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना स्वतःलाच एक शंका होती. चार माणसांत बसून एकट्यानेच गाणे ऐकणे उद्धटपणाचे दिसेल, असे त्यांना वाटे. त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात ते लिहिलेही आहे. म्हणून पहिल्या यंत्राला दोन हेडफोन लावायची सोय ठेवली, आणि एक नारिंगी बटण दिले. ते दाबले की गाणे हळू होई आणि दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई. मौज अशी, की लोकांना त्या बटणाची गरज भासली नाही आणि पुढच्या यंत्रांतून ते गळून गेले. समाजाने कान झाकलेला माणूस पत्करला. का पत्करला? कारण कान झाकले तरी डोळे उघडे होते. तुम्ही हात हलवलात की तो पाहत असे आणि कानावरचे काढून "काय म्हणालात?" असे विचारीत असे. दार लोटलेले होते, पण कडी लावलेली नव्हती.

पुढे मोबाइल टेलिफोन आले, कानात खुपसायची बटणे आली, आणि रस्त्याने एकटाच बोलत चाललेला माणूस दिसू लागला. आपण सर्वांनी आरंभी त्याला वेडा ठरवले होते, आठवते ना? आता कुणी वळूनही पाहत नाही.

मग डोळ्यांच्या यंत्राचे काय झाले? त्याचीही एक परीक्षा होऊन गेली आहे. गूगल कंपनीने २०१३ साली अमेरिकेत काही निवडक लोकांना १५०० डॉलरला एक चष्मा दिला. 'गूगल ग्लास' असे त्याचे नाव. तो डोळे झाकीत नसे. उजव्या डोळ्यापुढे जरासा वर एक इवलासा पडदा आणि शेजारी कॅमेरा. चष्मा सर्वसाधारण विक्रीला येण्यापूर्वीच सिअ‍ॅटल शहरातल्या एका मद्यगृहाने जाहीर केले, की तो घालून आमच्याकडे येऊ नये. लोकांनी त्या चष्मेवाल्यांसाठी एक ग्राम्य शिवीसुद्धा तयार केली. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीलाच आपल्या गिऱ्हाइकांना सांगावे लागले, की दुसऱ्याचा फोटो घेण्यापूर्वी विचारा, आणि कोपऱ्यात उभे राहून लोकांकडे टक लावून पाहू नका. जानेवारी २०१५ मध्ये सामान्यांसाठीची विक्री थांबली.

पण गोष्ट इथे संपत नाही. तोच चष्मा पुढे कित्येक वर्षे कारखान्यांत आणि गोदामांत वापरला गेला. कामगारांसाठीची विक्री २०२३ मध्ये बंद झाली. मद्यगृहात जी वस्तू नकोशी झाली ती कारखान्यात का चालली? कारण तिथे तो कशासाठी घातला आहे हे सर्वांना ठाऊक होते. वेल्डिंग करणाऱ्याच्या तोंडावर काळा मुखवटा असतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही. तोच मुखवटा घालून तो रात्री गल्लीतून फिरला तर कुत्रीसुद्धा भुंकतील.

फेब्रुवारी २०१६ मधला एक फोटो जगभर गाजला. स्पेनमध्ये बार्सिलोना येथे एका सभागृहात शेकडो माणसे डोळ्यांवर हे हेडसेट बांधून रांगांनी बसली आहेत, आणि मधल्या वाटेने फेसबुक कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग हसत चालले आहेत. एकालाही ते दिसत नाहीत. कार्यक्रम आनंदाचा होता, तरी ते चित्र पाहून पुष्कळांच्या अंगावर काटा आला. एक पाहतो आहे आणि बाकीच्यांना आपण पाहिले जातो आहोत याची दाद नाही, हा देखावा माणसाला सोसत नाही.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हे कळू लागले. अ‍ॅपल कंपनीचा 'व्हिजन प्रो' हा हेडसेट २ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. किंमत ३४९९ डॉलर. त्याच्या दर्शनी बाजूस आणखी एक पडदा बसवला आहे आणि त्यावर घालणाऱ्याच्या डोळ्यांचे चित्र उमटते. कुणी जवळ आले की आतल्या माणसाला ते दिसते, आणि बाहेरच्याला त्याच्या डोळ्यांचे प्रतिबिंब दिसते. झाकलेले डोळे पुन्हा चित्राने दाखवण्याचा हा खटाटोप पाहिला, म्हणजे मोरितांच्या नारिंगी बटणाची आठवण होते. दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती, की दुसऱ्यासाठी काहीतरी खूण ठेवली पाहिजे. तरीपण चित्रातले डोळे ते चित्रातलेच. विक्री सुरू होऊन चार दिवस होतात न होतात तोच हा हेडसेट लावून मोटारीत सुकाणूमागे बसलेल्या लोकांची चित्रे पसरली, आणि अमेरिकेचे तत्कालीन वाहतूकमंत्री पीट बुटिजेज यांना जाहीर आठवण द्यावी लागली, की गाडीत साहाय्यक यंत्रणा कितीही असल्या तरी चालकाचे सारे लक्ष गाडी चालवण्यावरच असले पाहिजे. इथे प्रश्न शिष्टाचाराचा उरत नाही, जिवाचा होतो.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली चारचौघांतल्या वागणुकीवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने शहरातली एक बारीक रीत टिपली आहे. दोन अनोळखी माणसे समोरासमोर आली, की क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि लगेच नजर काढून घेतात. पाहणे म्हणजे 'तू इथे आहेस हे मी मानले' आणि नजर काढून घेणे म्हणजे 'तुझ्या भानगडीत मी पडत नाही'. याला आपण सभ्य दुर्लक्ष म्हणू. हेडसेटवाला माणूस यातला पहिला अर्धा भाग पाळूच शकत नाही. तो दुर्लक्ष करतो, पण ते सभ्य आहे हे कळण्याची सोय ठेवत नाही.

आपल्या खेड्यांत तर रीतच निराळी. तिथे नजर काढून घेणे हाच उद्धटपणा. वाटेत गाठ पडली की "राम राम", "काय पाव्हणं, कुठं निघालात?" हे झालेच पाहिजे. जो न बोलता गेला, त्याच्याविषयी संध्याकाळी पारावर बोलणे निघते, "लई मोठा झालाय, ओळख देत नाही." तेव्हा मुंबईच्या लोकलमध्ये जो हेडसेट कदाचित खपून जाईल तो गावच्या पाणंदीत खपायचा नाही. यात गाव मागासलेले आणि मुंबई पुढारलेली, असे मुळीच नाही. दोन्हीकडे माणसे एकच मागणे मागत आहेत, 'मी तुझ्यासमोर आहे, याची दखल घे.' शहरात ते एका नजरेने भागते, गावात दोन शब्द लागतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळे बार्सिलोनाचे आणि अमेरिकेचे. आमच्याकडे ३४९९ डॉलर कुणाजवळ आहेत? खरे आहे. पण वस्तू स्वस्त व्हायला वेळ लागत नाही, हे मोबाइलने आपल्याला शिकवले. साध्या गॉगलसारखा दिसणारा आणि फोटो काढणारा मेटा कंपनीचा चष्मा २०२५ पासून भारतातही विक्रीला आला आहे. फोटो काढताना त्यावर एक बारीक दिवा लागतो, हे चांगले आहे. पण त्या दिव्याचा अर्थ ठाऊक नसलेल्याला तो दिवा काय सांगणार? कायद्याचे म्हणाल, तर खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच दिला आहे, आणि स्त्रीला तिच्या खाजगी क्षणी चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे (कलम ७७) गुन्हा आहे. पण स्टँडवर, बाजारात, जत्रेत रोज उठून कायदा येऊन उभा राहत नाही. तिथे मर्यादाच कामाला येते, आणि ती आपण आधीच ठरवून ठेवलेली बरी.

ती ठरवायला अवघड नाही. लावणाऱ्याने एवढे पाळावे. डोळे झाकणारे यंत्र चालताना, रस्ता ओलांडताना, वाहन चालवताना मुळीच लावू नये. प्रवासात लावायचे तर बसल्या जागी, आणि शेजाऱ्याला आधी सांगून, "काका, तासभर हे बघतो. काही लागलं तर खांद्याला हात लावा." एवढ्या एका वाक्याने निम्मे भांडण मिटते. कुणी बोलायला आले, तिकीट विचारले, तर यंत्र कपाळावर सरकवून भागवू नये, काढून हातात घ्यावे. जोडा जसा उंबऱ्याबाहेर काढतो, तसा हा चष्मा संभाषणाबाहेर ठेवावा. आणि देवळात, दवाखान्यात, नदीच्या घाटावर, मुलींच्या शाळेपाशी कॅमेरा असलेले कुठलेही यंत्र तोंडावर लावून उभे राहू नये.

पाहणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. ज्याचे डोळे झाकले आहेत त्याची थट्टा करणे, त्याला ढकलणे, त्याचेच फोटो काढून चार गावांत पाठवणे, हे अंधाची काठी ओढण्यासारखे आहे. शंका आली तर विचारावे. पण विचारावे, आरोपाने सुरुवात करू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना वेगळे सांगतो. काही दिवसांनी शाळेत असे यंत्र येईल. मुले त्यातून हृदयाचे कप्पे आणि गुरूचे चंद्र पाहतील. त्या वेळी एका मुलाने यंत्र लावले, की दुसऱ्याने त्याच्याजवळ राखण म्हणून उभे राहावे. त्याला हात लावण्यापूर्वी नावाने हाक मारावी. मग जागा बदलून घ्यावी. डोळे झाकलेल्याला कसे वाटते आणि पाहणाऱ्यावर काय जबाबदारी असते, हे दोन्ही धडे दहा मिनिटांत होतात.

माझ्या विद्यार्थ्याचे काय झाले, ते सांगून पुरे करतो. आम्ही एक दिवस त्याचे यंत्र वर्गात सर्वांना डोळ्यांवर लावून पाहायला दिले. समोरच्याचे मिशीचे केस दोरीएवढे दिसू लागल्यावर खूप हशा पिकला, आणि त्या हशाबरोबर चेष्टाही संपली. त्यातले चित्र वाचण्यापुरतेच दिसते, साठवले जात नाही, हेही सर्वांना समजले. मग त्याने स्वतःच यंत्राच्या दर्शनी बाजूला कागदाची एक पट्टी चिकटवली. ठळक अक्षरांत लिहिले, 'कमी दिसते. वाचायचे यंत्र आहे.' बाजारातल्या मोठ्या कंपन्या जी खूण शोधत आहेत, ती त्याला दोन रुपयांच्या कागदात सापडली.

काही दिवसांनी स्टँडवर भेटला. यंत्र डोक्यावर होते. म्हटले, "काय, आता त्रास नाही ना?"

"नाही सर. पण लोक विचारतात फार. कुठनं घेतलं, केवढ्याला मिळालं, आमच्या म्हाताऱ्याला चालेल का."

"मग?"

"मग काय, सांगत बसतो. कालची गाडी चुकली त्यात."